देवदूताचा दोर आणि कापितान सालागिंतो

आमच्या सांता रोसालिया गावात निकानोर बागतासला सुतार म्हणून कोणी फारसं मानत नसे. खुर्च्या, पलंग, दारं-खिडक्या सगळं तो करायचा, पण असा रेंगाळत की एका मुलीच्या लग्नासाठी सांगितलेला पलंग तिच्या पहिल्या बाळाच्या बाप्तिस्म्याला पोचला होता. तरी त्याच्या तोंडावर कोणी काही बोलत नसे. सगळं गाव त्याला कुया कानोर म्हणे. कुया म्हणजे थोरला भाऊ, आणि हा मान त्याला रंध्यामुळे नव्हे, दोरामुळे मिळाला होता. ईस्टरच्या पहाटे देवदूताचा दोर कानोरच्या हातात असायचा. त्याच्याआधी तो त्याच्या बापाच्या हातात होता. बागतासांच्या घराण्यात वेळेवर होणारं असं हे एकच काम.

त्या पहाटे आमच्याकडे गावाच्या दोन टोकांकडून दोन मिरवणुका निघतात. एकीकडून पुन्हा उठलेला येशू आणि त्याच्यामागे पुरुष, दुसरीकडून काळ्या बुरख्यातली मारियामाता आणि तिच्यामागे बायका. चर्चसमोर बांबूची उंच कमान असते, तिच्याखाली मायलेकांची भेट होते. मग कमानीवरून सहा-सात वर्षांची एक मुलगी, पांढरा झगा आणि कोंबडीच्या पिसांचे पंख लावलेली, दोराने अलगद खाली येते आणि शोकात बुडालेल्या आईच्या डोक्यावरचा काळा बुरखा उचलते. बुरखा नीट निघाला तर वर्ष चांगलं. अडकला तर भाताला कीड, तळ्यातल्या माशांना रोग आणि मुलीच्या नवऱ्याची नोकरी सुटून तो सासुरवाडीला मुक्कामाला. त्यामुळे दोर कोणाच्या हातात आहे याला गावात फार महत्त्व.

कानोरला हे महत्त्व पुरतं ठाऊक होतं. नको इतकं ठाऊक होतं. "खाली काय, बादलीही उतरते," तो म्हणायचा. "देवदूत आणावा लागतो." आणि खरोखरच तो आणायचा. पोरगी खाली येताना तिच्या झग्याची घडीसुद्धा हलायची नाही.

घोळ झाला तो त्याचा मनिलाचा मेहुणा ईस्टरला आला त्या वर्षी. देवदूत निम्म्यावर आला असताना कानोरने मान वळवून गर्दीत पाहिलं. मेहुणा बघतोय ना, एवढंच त्याला बघायचं होतं. तेवढ्यात दोर दोन हात जास्त सुटला. त्या वर्षी देवदूत झालेली नोटरींची मुलगी गरकन फिरली, उलटी झाली आणि बुरखा हातात यायचा तो पायात अडकला. कानोरने घाबरून दोर खेचला. मुलगी वर, बुरखा तिच्या पायात झेंड्यासारखा फडकतोय, आणि ती देवदूताला न शोभणाऱ्या शब्दांत आईच्या नावाने बोंब मारतेय. गाव हसलं. मातेसमोर, ईस्टरच्या पहाटे, पोट धरधरून हसलं. शिव्या कानोरने पचवल्या असत्या. हसणं त्याच्या जिव्हारी लागलं.

त्या आठवड्यात फादर आमांदोंनी त्याला बोलावून दोर परत घेतला आणि वीज कंपनीतल्या दादो नावाच्या तरुणाला दिला. दादोने कमानीला लोखंडी रहाट बसवला. पुढच्या ईस्टरला देवदूत करकर आवाज करत विहिरीतल्या पोहऱ्यासारखा खाली आला, बुरखा तंतोतंत निघाला, आणि बायका कोरडे हातरुमाल घेऊन घरी गेल्या. कानोर गर्दीच्या मागे उभा होता. घरी आल्यावर त्याने केळीच्या पानातला गोड भात समोर आला तरी हात लावला नाही.

"खा की," बायको मेदिंग म्हणाली. "रहाटाने आणला म्हणून देवदूत बाटला का?"

"तुला नाही कळायचं."

"मला सगळं कळतं. मेहुणा माझाच भाऊ होता."

याच सुमारास पिड्योंग माग्सिनो गावात आला. पिड्योंग आमच्याच गावचा. लहानपणी चर्चच्या भिंतीवर कोळशाने चित्रं काढून मार खायचा, आता मनिलात चित्रं काढून पोट भरायचा. त्याची 'कापितान सालागिंतो' ही चित्रकथा दर आठवड्याला छापून यायची. कापितान म्हणजे कॅप्टन, आणि सालागिंतो म्हणजे झाडावरचा सोनेरी भुंगा. मासळीच्या कारखान्यातला एक भित्रा कारकून हा भुंगा कपाळाला लावतो आणि सोनेरी कवचाचा, उडणारा, गरिबांचा कैवारी कापितान होतो. आलिंग चारिंग या बाईंच्या दुकानापुढच्या बाकावर अंक भाड्याने मिळायचा. एक जण वाचायचा, तिघे त्याच्या खांद्यावरून वाचायचे आणि ज्याने पान लवकर उलटलं त्याच्या बरगडीत कोपर बसायचं.

आमच्या सिनेमावाल्यांची रीत अशी, की चित्रकथा संपायची वाट बघत नाहीत. ती अर्ध्यावर असतानाच विकत घेतात, आणि शेवटचा भाग छापून आला की त्याच आठवड्यात सिनेमा लावतात. म्हणजे शेवट काय होणार हे चित्रकार सिनेमावाल्यांना विचारतो आणि सिनेमावाले चित्रकाराला. सालागिंतोचंही तसंच चाललं होतं. पिड्योंग कानोरच्या कामाच्या ओट्यावर बसला आणि आल्याच्या काढ्याचा पेला हातात धरून रडगाणं गाऊ लागला.

"कुया, कागदावर मी एक रेघ ओढतो आणि तो नदी ओलांडतो. ते म्हणतात, ही रेघ आम्ही कुठून आणायची?"

"मग करतायत काय ते?"

"पहिल्यांदा हिरोला टेबलावर पालथा घातला आणि मागून ढगांचा पडदा ओढला. अंग रगडून घ्यायला झोपलाय असं दिसलं. मग बाहुला करून मनोऱ्यावरून फेकला. खाली कोंबड्या होत्या, त्या उडाल्या. म्हणजे पडद्यावर कोंबड्या उडताना दिसतात आणि सालागिंतो पडताना." पिड्योंगने पेला खाली ठेवला. "बोलण्याची तर वेगळीच तऱ्हा. माझ्या चित्रात तो गुंडाला ठोसा मारता मारता अख्खं भाषण करतो. बोलण्याचा फुगाच तेवढा मोठा असतो. सिनेमात ठोसा संपतो आणि भाषण उरतं. हिरो म्हणतो, माझी वाक्यं कापायची नाहीत. मग गुंड बिचारा जबडा पुढे करून वाट बघत उभा."

मेदिंग दारातून हसली. कानोर हसला नाही. त्याला पुढे काय येणार याचा वास लागला होता.

"कुया, तुम्ही देवदूत आणता. आमचा हिरो आणाल का?"

"यालाच बरा विचारतोयस," मेदिंगने तोंड उघडलं, "अरे, याने तर त्या वर्षी..."

कानोरला एकाएकी इतका खोकला आला की पिड्योंगने उठून त्याची पाठ चोळली. खोकला थांबला तेव्हा कानोरने होकार दिला होता. मनात त्याने सगळं जुळवूनही टाकलं होतं. सालागिंतो उडणार, सिनेमा सगळा बुलाकान प्रांत बघणार, फादर आमांदोही बघणार. मग दोर मागायला जायची गरजच काय? ते स्वतः दारात घेऊन येतील.

मनिलातल्या स्टुडिओत पहिल्या दिवशीच त्याला सालागिंतो भेटला आणि त्याचं अवसान गळालं. रोमी बुएनाफे हा तेव्हाचा लाडका नट, बायका त्याच्या नावाने किंकाळ्या फोडायच्या. पण चित्रातल्या कापितानच्या पोटावर सहा वड्या होत्या आणि रोमीच्या पोटावर एकच, मोठी. म्हणून रबराचं पोट केलं होतं, ते दुपारच्या उन्हात घसरून मांड्यांवर यायचं. चित्रातल्या कापितानला तोंडभर मुखवटा होता. रोमी म्हणाला, लोक माझं तोंड बघायला पैसे देतात. म्हणून मुखवटा गेला आणि त्याची शिंगं केसांत खोचली, अंबाड्याच्या काट्यांसारखी. कवच तेलाच्या डब्यांचा पत्रा ठोकून केलं होतं, त्यामुळे कापितान गुपचूप कुठे गेला की स्वयंपाकघरात मांजर शिरल्यासारखा आवाज व्हायचा. आणि सोनेरी भुंगा म्हणावा तर कवच हिरवंगार होतं.

"सिनेमा काळा-पांढराच आहे ना?" निर्मात्याचा माणूस म्हणाला. "होडीचा रंग उरला होता, तोच लावला."

डिरेक कास्टो हे दिग्दर्शक; आमच्याकडे दिग्दर्शकाला डिरेकच म्हणतात. उन्हाने आणि काळजीने वाळलेला माणूस. त्यांनी चित्रकथेचं पान कानोरच्या नाकासमोर धरलं. त्यात सालागिंतो आडवा, एक मूठ पुढे, आकाश चिरत येत होता.

"असा हवा."

"येईल," कानोर म्हणाला. त्याला येईल की नाही याची काही कल्पना नव्हती, पण 'बघतो' हा शब्द बागतासांच्या घरात कोणी वापरला नव्हता.

त्याने आपली कप्पी लावली, आपला घरचा काथ्याचा जाड दोर आणला, काखेत आणि कमरेला बापाने शिकवलेल्या गाठी मारल्या आणि रोमीला वर घेतला. खाली चौकाचा देखावा होता, गुंडांनी वेढलेली गर्दी होती. गर्दीला जवळच्या वस्तीतल्या मावश्या बोलावल्या होत्या. कॅमेरा सुरू झाला. कानोरने दोर सोडायला घेतला. आणि कापितान सालागिंतो उभाच्या उभा, पाय जुळवून, झुळुकेने यावं तसा हळूहळू खाली आला.

मावश्यांपैकी एकीने छातीवर क्रूस काढला. मग सगळ्यांनीच काढला. दोघी गुडघ्यांवर बसल्या. एकीने ईस्टरचं स्तोत्र सुरू केलं, आणि गुंडांचा सरदार झालेला नट मोठा श्रद्धाळू होता, त्याने टोपी काढून छातीशी धरली.

"थांबवा!" डिरेक ओरडले. "अरे, तो त्यांना बडवायला आलाय, आशीर्वाद द्यायला नाही!"

"आकाशातून यायची रीत हीच आहे, डिरेक."

"तुझ्या चर्चच्या आकाशातून! माझ्या आकाशातून तो आडवा येतो!"

आडवा करायला गेले की रोमीचं पोट जड, डोकं हलकं. तो नांगरासारखा तिरपा व्हायचा. कानोरने गाठी बदलल्या, कमरेऐवजी छातीला एक आणि मांड्यांना दोन घेतल्या. तांदळाचं पोतं बांधून बघितलं. पोतं इतकं सुरेख उडालं, आडवं, सरळ, वेगात, की डिरेक कास्टो बराच वेळ त्याच्याकडे प्रेमाने बघत राहिले. पोत्याची वाक्यंही नव्हती. पण जाहिराती रोमीच्या लागल्या होत्या.

आणि रोमी वर गेला की दोर सोडेना. दोन्ही हातांनी गच्च धरून बसायचा. मूठ पुढे करायला एक हात तरी मोकळा हवा. डिरेक चिडले, निर्मात्याचा माणूस चिडला, आणि कानोरवर खापर फुटलं की गाठी चुकल्या. तो दोरांची गुंडाळी घेऊन मुकाट्याने बाहेर आला. रोमी त्याच्यामागून आला, पत्र्याचा आवाज करत.

"कुया, गाठी बरोबर आहेत," तो हळूच म्हणाला. "मला उंचीची भीती वाटते. कोणाला बोलू नका. मी शिडीवरसुद्धा चढत नाही. घरी दिवा गेला तर बायको बदलते."

कानोरने त्याच्याकडे बघितलं. केसांत शिंगं, पोट मांड्यांवर आणि डोळ्यांत पाणी. त्याला त्या माणसाची फार दया आली. असे डोळे त्याने दर ईस्टरला कमानीवर पाहिले होते, फक्त ते सहा वर्षांच्या मुलींचे होते.

"तुम्ही त्या मुलींना काय सांगता?" रोमीने विचारलं.

"खाली बघू नको म्हणतो. आईच्या बुरख्याकडे बघ, त्या काळ्या कापडाकडे. दुसरं काही जगात नाहीच असं समज आणि दोन्ही हात त्याच्याकडे ने. हात तिकडे गेले की हातातला दोर आपोआप सुटतो. आणि मी खालून बोलत राहतो."

"मग मलाही तसंच करा ना."

त्या दिवसापासून रोमी बुएनाफेची देवदूताची तालीम सुरू झाली. कानोरने बांबूच्या टोकाला काळं कापड बांधून मैदानात रोवलं. रोमी वर जायचा, काळ्या कापडावर नजर लावायचा, आणि खालून कानोर सुरू व्हायचा, "हळू ग बाळे... हां... घाबरायचं नाही... शहाणी ग माझी पोर... आता हात पुढे." मुलींशी बोलायची सवय, ती बाप्याशी बोलताना बदलेना. आवाज आमच्याकडे नंतर वेगळा भरतात म्हणून चित्रीकरणात कोणी काही बोललं तरी चालायचं, पण दिवे धरणारे एकमेकांच्या अंगावर पडून हसायचे. रोमीला त्याचं काही नव्हतं. दोन्ही हात मोकळे करून तो येऊ लागला होता. उभा, मग तिरपा, मग एक दिवस सरळ आडवा. येऊन दोन्ही हातांनी काळं कापड अलगद उचलायचा आणि खाली उतरून कानोरला मिठी मारायचा.

"एक मूठ!" डिरेक बजावायचे. "दोन हात नाहीत! एक मूठ!"

"होईल," कानोर म्हणायचा.

शेवटचा प्रसंग स्टुडिओत मावेना, कारण छत बुटकं होतं. उंच जागा आणि चर्चचा चौक हवा होता. पिड्योंगने सुचवलं, आमच्या गावात घेऊ. हे ऐकलं आणि कानोरला घाम फुटला. फादर आमांदो बघणार हे त्याला हवंच होतं, पण पडद्यावर. सगळं साधून झाल्यावर. असं समोर उभं राहून नव्हे.

चित्रीकरणाच्या दिवशी सगळं गाव चौकात. फादर आपल्या ओसरीवर खुर्ची टाकून, शेजारी रहाटवाला दादो, नोटरी सहकुटुंब. प्रसंग असा होता: नायिकेच्या बापाला गुंडांनी मारलंय, ती काळी ओढणी डोक्यावरून घेऊन चौकात एकटी उभी आहे, गुंड चाल करून येतायत, आणि सालागिंतो आडवा झेपावत येऊन सरदाराच्या जबड्यावर मूठ हाणतो. फिल्म थोडीच उरली होती. डिरेकनी सगळ्यांना सांगून ठेवलं की हे एकदाच होणार.

"कानोर," मेदिंग त्याच्या कानाशी म्हणाली, "इकडे-तिकडे बघू नकोस हं. माझा भाऊ आलेला नाही."

कानोरने दोर हातात घेतला. बघायचं म्हटलं असतं तरी त्याला काही दिसलं नसतं, डोळ्यांसमोर सगळं पांढरं झालं होतं. वर चर्चच्या मनोऱ्यावरून रोमी निघाला. सरळ, आडवा, वेगात, एक मूठ पुढे. गावाने 'आहा' केलं. निम्म्या वाटेवर येईपर्यंत ते अगदी पिड्योंगचं चित्र होतं. मग रोमीला खाली काळी ओढणी दिसली.

काळं कापड दिसल्यावर काय करायचं हे त्याच्या अंगात इतकं मुरलं होतं की मूठ उघडली आणि दुसरा हातही पुढे आला. आणि कानोरचं काय झालं म्हणाल तर, चर्चचा चौक, जमलेलं गाव, काळा बुरखा आणि दोराच्या टोकाला जीव मुठीत धरलेलं एक लेकरू. त्याच्या हातांनी त्याला विचारलंच नाही. दोर आपोआप मंदावला. "हळू ग बाळे," तो म्हणाला. कापितान सालागिंतो नायिकेच्या डोक्यावर क्षणभर तरंगला, दोन्ही हातांनी तिची काळी ओढणी उचलली आणि ओढणीसह सावकाश वर निघून गेला.

 चौकातून कोणीतरी बाई "आलेलुया" म्हणाली आणि गाव पेटलं. ज्याच्या हातात जे होतं ते त्याने उधळलं. घंटा वाजवायला कोणी सांगितलं नव्हतं, तरी घंटावाल्याने दोन्ही घंटा बडवल्या. गुंडांचा सरदार गुडघ्यांवर बसून रडत होता. नायिकाही रडत होती, खरीखुरी, आणि डिरेक 'थांबवा' म्हणायला तोंड उघडून उभे होते तोवर कॅमेऱ्यात होती नव्हती ती सगळी फिल्म संपली.

कानोरला वाटलं, झालं. पुन्हा तेच. तो दोर धरून मान खाली घालून उभा राहिला. डिरेक कास्टो त्याच्यासमोर आले आणि शिव्या द्यायच्या की पाठ थोपटायची हे न ठरल्यामुळे नुसतंच त्याच्या हातातल्या दोराकडे बघत राहिले.

"मारामारी कुठंय?" निर्मात्याचा माणूस किंचाळत होता. "सुपरहिरोचा सिनेमा आणि शेवटी मारामारी नाही?"

"सरदार बसलाय बघ गुडघ्यांवर," डिरेक थकून म्हणाले. "हरलाच की तो."

पिड्योंग मात्र तिथून नाहीसा झाला होता. शेवटच्या भागाची चित्रं त्याने अजून काढली नव्हती. तो आलिंग चारिंगच्या बाकावर बसला आणि मोठ्या भाषणाचा ठरवलेला फुगा रिकामा सोडून त्याने सालागिंतो काढला, दोन्ही हातांत काळी ओढणी घेतलेला. अंक आला, त्याच आठवड्यात सिनेमा लागला. मनिलात लोक त्या प्रसंगाला खुर्च्यांवरून उठून उभे राहिले म्हणे. काही जणांनी टोप्या काढल्या. कापितानचे पत्रे, शिंगं आणि घसरलेलं पोट यांच्याबद्दल कोणी एक अक्षर काढलं नाही.

फादर आमांदोंनी त्या दिवशी ओसरीवरून उठून एक शब्द न बोलता दार लावून घेतलं होतं. त्यामुळे कानोरने आशा सोडली होती. ईस्टरच्या तोंडावर ते स्वतः त्याच्या दारात आले, काखेत दोराची गुंडाळी घेऊन, आणि ओट्यावर बसले.

"पवित्र गोष्टीचा तमाशा केलास तू," ते म्हणाले.

"हो, फादर."

"पण त्या दिवशी कोणी हसलं नाही, हे मी बघितलं. मागच्या ईस्टरला रहाटापुढे कोणी रडलंही नाही, तेही बघितलं." त्यांनी दोर ओट्यावर ठेवला. "या वर्षी तू धर. पण सरळ. उभी, हात जोडलेले, पाय जुळवलेले. सिनेमातली एक जरी गोष्ट दिसली, तर हा दोर पुन्हा तुझ्या हाताला लागणार नाही. जन्मात नाही."

"शपथ घेतो, फादर."

फादर गेल्यावर तो दोर पुढ्यात घेऊन त्याचा पेड न् पेड चाचपू लागला. मेदिंगने हाक मारली तरी त्याला ऐकू गेली नाही.

त्या वर्षीचा देवदूत म्हणजे पोस्टमास्तरांची धाकटी तिना. पहाटे कमानीखाली दोन्ही मिरवणुका आल्या, गाण्याचा सूर लागला आणि कानोरने दोर सोडायला घेतला. तिना आली, उभी, हात जोडून, पाय जुळवून. कानोर कोणाकडे बघत नव्हता. त्याला फक्त ती पोर आणि ते काळं कापड दिसत होतं. "हळू ग बाळे," तो पुटपुटला. आणि तेवढ्यात तिनाने वरून त्याच्याकडे पाहून दात काढले. तिने हात सोडले, अंग पुढे झोकून दिलं, एक मूठ समोर केली आणि आडवी झाली.

दोर एक हात वर ओढला असता तर ती पुन्हा सरळ झाली असती. कानोरला ते ठाऊक होतं, हातांनाही ठाऊक होतं. पण पोरीच्या तोंडावर भीतीचा मागमूस नव्हता. आजवर उतरवलेल्या एकाही मुलीच्या तोंडावर त्याने इतका आनंद पाहिला नव्हता. त्याने ओठ आवळले, फादरची मनातल्या मनात क्षमा मागितली आणि दोर मोकळा सोडला. तिना चौकावरून आडवी झेपावत आली, मातेच्या डोक्यावरून सूंकन गेली आणि जाता जाता एका हाताने बुरखा असा उचलून नेला की मातेच्या मुकुटाचा एक मणीही हलला नाही.

गाव अगोदर ओरडलं आणि मग रडायला लागलं. हातरुमाल निघाले. पोस्टमास्तरांची बायको ओरडत होती की रडत होती हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. फादर आमांदो गर्दीतून वाट काढत कानोरसमोर येऊन उभे राहिले. कानोरने त्यांच्याकडे बघितलं नाही. त्याला पश्चात्ताप होत नव्हता, आणि याचंच त्याला नवल वाटत होतं.

"घ्या, फादर," तो म्हणाला आणि दोराचं टोक त्याने पुढे केलं.

"अरे, मला काय देतोस!" फादर दचकून मागे सरले. "पोरगी वर आहे अजून!"

सगळ्यांनी वर पाहिलं. तिना हातात काळा बुरखा घेऊन हवेत आडवी झुलत होती आणि तिला खाली यायची मुळीच घाई नव्हती.

"फादर!" ती वरून ओरडली. "अजून एकदा!"

फादर आमांदोंनी मातेच्या उघड्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग पोरीकडे पाहिलं. मग चष्मा काढून झग्याच्या बाहीने डोळे पुसले आणि कानोरकडे न बघता म्हणाले, "एकदाच हं."

कानोरने दोर ओढला.